‘ने’ म्हणजे हो

सहा नोव्हेंबर, गुरुवार. मेथीच्या तीन जुड्या निवडायच्या होत्या. ऑफिसातून आले, हातपाय धुतले आणि गॅलरीत जुना पेपर पसरून बसले. दिवाळीचा कंदील अजून तारेवर लटकत होता. तो उतरवायचं काम नवऱ्याकडे होतं, म्हणून राहिलं होतं. समोरच्या वहिनी आपला पाट घेऊन आल्या आणि न विचारता एक जुडी ओढून घेतली. मुलगी उंबऱ्यावर बसली, मांडीवर दोन फोन.

"आई, मेथी झाली की हे पण निवडून दे."

"काय?"

"सॉफ्टवेअर. जुनं चालू ठेवू की त्यांचं घेऊ? जुन्याची मुदत रविवारी संपतेय."

मुलगी तेवीस वर्षांची. बी.कॉम. झालेली, लोअर परळच्या एका कपड्यांच्या दुकानात कामाला. अडीच वर्षं ती फोनवर कोरियन शिकत होती. सुरुवातीला मला वाटलं, मालिकांचं खूळ आहे, जाईल. गेलं नाही. ती अक्षरं लिहायला लागली, दुकानात आलेल्या एका कोरियन बाईंना तिने साईज समजावून सांगितली, त्या दिवशी ती घरी उडतच आली. मग दादरच्या एका संस्थेचा पत्ता लागला. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात मुली पाठवतात, पॅकिंग आणि तपासणीचं काम, राहणं-जेवण कंपनीचं, करार तीन वर्षांचा. पत्ता दिला समोरच्या वहिनींनीच. त्यांची मुलगी मार्चमध्ये तिथूनच गेली होती. आमची डिसेंबरात जायची होती. सोमवारी अकरा वाजता संस्थेत पासपोर्ट जमा करायचा होता.

मी भोईवाड्याच्या कोर्टामागे एका वकिलांकडे टायपिंग करते. सव्वीस वर्षं झाली. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, फारकतीचे अर्ज. त्यामुळे घरात कुठलंही यंत्र, कुठलाही फॉर्म आला की निवडायचं काम माझ्याकडे येतं. वॉशिंग मशीन मीच निवडलं, नवऱ्याचा विमा मीच वाचला. तेव्हा कोरियन सॉफ्टवेअरही माझ्याकडे आलं यात मला विशेष काही वाटलं नाही.

"दोन्ही मला दे. दोन-तीन दिवस चालवून बघते, मग सांगते."

"तू? कोरियन?"

"का, मला जीभ नाही?"

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "शिक बाय, शिक. मला पण शिकव. माझी पोरगी तर आता मला मराठी शिकवायला लागलीय. परवा फोनवर मी म्हटलं, आनि? आनि काय विशेष? तर म्हणते, मम्मी, तू सारखं ते आनि-आनि नको म्हणूस. एवढी चिडली!"

"का?"

"काय माहीत. फॉरेन रिटर्न ना. उद्या म्हणेल, भात खाऊ नको, आवाज येतो."

आम्ही तिघी हसलो. आमच्या चाळीत ‘आणि’ कोणी म्हणत नाही, सगळे ‘आनि’च म्हणतात. शाळेत बाईंनी ण साठी मला पट्टी मारली होती. लिहिताना माझा ण कधी चुकत नाही, बोलताना मात्र न होतो. ऑफिसात साहेब मजकूर सांगता सांगता थांबले की मी मान वर न करता म्हणते, "आनि?" मग ते पुढे सांगतात. दिवसातून शंभरदा म्हणत असेन.

मेथी झाली. वहिनींनी काड्या गोळा केल्या. उठताना म्हणाल्या, "रविवारी येतो तिचा फोन, सहाला. दहा मिनिटं फक्त. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. पण सांगते सगळं छान आहे म्हणून." मग जरा थांबून म्हणाल्या, "दर वेळी तेच सांगते."

संस्थेत मी मुलीबरोबर आदल्या शनिवारी जाऊन आले होते. दादर स्टेशनजवळ, साड्यांच्या दुकानावर दुसरा मजला. स्वच्छ ऑफिस, भिंतीवर चेरीच्या फुलांचा फोटो. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. कॉटनची साडी, बोलणं पुण्याकडचं, शुद्ध. त्यांनी माझ्या मुलीला पहिल्या मिनिटापासून ‘बाळा’ म्हटलं. मला ते खटकलं, पण बोलून काय दाखवणार?

"आजपासून आमचंच सॉफ्टवेअर वापरायचं हं, बाळा. चाळीस धडे आहेत. बाकीची काढून टाक. त्याने उच्चार बिघडतात."

मी विचारलं, "दोन्ही चालवली तर?"

"काकू, तिकडची माणसं फार सभ्य असतात," मॅडम म्हणाल्या. "तोंडावर कुणाला नकार देत नाहीत. बाजारातल्या सॉफ्टवेअरमधून मुली उद्धटपणा शिकतात. मग तिकडे त्यांनाच त्रास होतो."

घरी येईपर्यंत मी त्या वाक्यावर विचार केला नाही. लालबागला उतरून मसाला दळायला दिलेला होता तो घ्यायचा होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी नवऱ्याच्या जुन्या फोनवर दोन्ही सॉफ्टवेअर उघडली. जुन्यात एक लठ्ठ मांजर होतं. उत्तर बरोबर आलं की ते नाचायचं, चुकलं की पाठ फिरवून झोपायचं. सूचना सगळ्या इंग्रजीत आणि मधे मधे जाहिराती. वाक्यं वेडपट. हे दूध आहे. हे दूध नाही. कासव भात खातं. माझी टोपी कुठे आहे? मला हे नको. शेजारच्या खुर्चीवर डबा खात असलेल्या ज्युनिअर वकीलबाई म्हणाल्या, "ताई, कासव आणि भात कुठल्या केसमध्ये लागतं?" खरंच मला ते पोरकट वाटलं. या वयाच्या माणसाने मांजराला खूश करायचं म्हणजे काय?

संस्थेचं सॉफ्टवेअर उघडायला मुलीचा नोंदणी क्रमांक लागला. तो मी तिच्याकडून लिहून घेतला होता. आधी त्याने परवानग्या मागितल्या: फोनमधले नंबर, फोटो, मी कुठे आहे ते, मायक्रोफोन. सगळे करतात तसं मी ‘हो, हो, हो, हो’ दाबलं. आत पांढराशुभ्र पडदा. मांजर नाही, जाहिरात नाही. आणि सूचना मराठीत. नीट, शुद्ध मराठीत. ‘कृपया लक्षपूर्वक ऐकावे. कृपया पुन्हा म्हणावे.’ एका पुरुषाचा आवाज, शांत, घाई न करणारा. मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. आपल्या भाषेत कोणी काही शिकवलं की आपण अर्धे तिथेच विरघळतो.

पहिला धडा एका शब्दाचा होता. ‘ने’. तिकडे ‘ने’ म्हणजे हो. आवाज काहीतरी विचारायचा, आपण ‘ने’ म्हणायचं, खाली हिरवी रेघ यायची. वीस वेळा.

हा धडा घरात आठवडाभर आधीच गाजला होता. मुलगी भांडी लावताना ‘ने’, केस विंचरताना ‘ने’, गॅलरीत फेऱ्या मारत ‘ने, ने, ने’. टोकाच्या खोलीतले आजोबा एकदा बाहेर येऊन म्हणाले होते, "कोणाक नेवक सांगतंस गो?" नवरा तर रोजच चालवायचा. टीव्हीसमोरून ओरडायचा, "अरे कोरियावाल्यांनो, एवढी सांगतेय तर ने रे एकदाची! गॅलरी मोकळी होईल!"

मला त्या शब्दाने समोरच्या वहिनींची मुलगी आठवायची. ती तीन वर्षांची असताना मी पिशवी घेऊन बाजाराला निघाले की ती दारात आडवी उभी राहायची आणि म्हणायची, "काकी, ने." नेल्याशिवाय हलायची नाही. लालबागच्या मार्केटात तिला कडेवर घेऊन मी सुकट निवडलेली आहे.

शनिवारी रात्रीचा स्वयंपाक नवऱ्यावर ढकलला आणि बाविसाव्या धड्यापर्यंत गेले. मी पटकन शिकते. टायपिंगमुळे कान तयार आहे. मत जवळजवळ झालं होतं: संस्थेचं घ्यावं. कामाचं आहे, मराठीत आहे, फालतूपणा नाही. मुलीला तसं सांगितलं.

"म्हणजे मांजर गेलं," ती म्हणाली. थोडी हिरमुसली. अडीच वर्षांची सवय.

"माणसाने मोठं व्हावं."

"आई, तुला माहितीय, तिकडे ‘आई’ म्हणजे लहान मूल?"

"म्हणजे?"

"‘आ-इ’. मूल. तिकडे तू माझं बाळ."

"बरं मग, बाळाला चहा टाक."

रविवारी दुपारी जेवणं झाली, नवरा भावाकडे चिंचपोकळीला गेला. मी ओटा पुसून तेविसावा धडा लावला. मुलगी पलंगावर इस्त्रीचे कपडे लावत होती. आवाजाने एक लांबलचक वाक्य म्हटलं. खाली मराठीत अर्थ आला: ‘आज काम जास्त आहे. तुम्ही रात्री थांबाल.’ तो थांबला. पुढे काही आहे असं मला वाटलं. साहेब थांबतात तसाच तो थांबला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आनि?"

पडदा लाल झाला. ‘अयोग्य उत्तर. आपण "नाही" असे म्हणालात. योग्य उत्तर: ने.’

मला आधी हसू आलं. मुलीला म्हटलं, "अगं, हे बघ, आनि म्हटलं तर म्हणतं मी नाही म्हणाले."

ती कपड्यांतून मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे. कोरियनमध्ये ‘आनि’ म्हणजे नाही. आदराने म्हणायचं असेल तर ‘आनियो’. जुन्यात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

"यात कुठल्या धड्यात आहे?"

"असेल पहिल्या-दुसऱ्यात."

नव्हतं. मी मागे जाऊन बघितलं. पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत बघितलं, मग ऑफिसातली सवय म्हणून पेन्सिल घेतली आणि पुढचे धडेही चाळले. करार वाचताना साहेब लिहिलेलं वाचतात, मी सुटलेलं शोधते. पान गळालंय का, तारीख राहिलीय का, एका पक्षाची सगळी कलमं आणि दुसऱ्याचं एकही नाही असं आहे का. तसंच वाचलं. ‘मी थांबते.’ ‘माफ करा, लवकर करते.’ ‘मला बरे वाटते आहे.’ ‘पासपोर्ट ऑफिसमध्ये सुरक्षित आहे.’ ‘घरी सांगा, सगळे छान आहे.’ चाळीस धड्यांत नकाराचा एक शब्द नव्हता. ‘दुखतंय’ नव्हतं. डॉक्टर नव्हता, पोलीस नव्हता, रस्ता नव्हता. ‘कुठे’ नव्हतं, ‘कधी’ नव्हतं. प्रश्न फक्त त्या आवाजाने विचारायचे होते. मुलीने एकही नाही. त्या बावळट मांजराने पहिल्या दिवशी मला ‘हे नको’ आणि ‘कुठे आहे’ म्हणायला शिकवलं होतं.

आणि तरीही या सॉफ्टवेअरला ‘नाही’ ऐकू येत होतं. शिकवत नव्हतं, पण त्यासाठी कान लावून बसलं होतं. उशिरा का होईना, तेव्हा माझ्या डोक्यात समोरच्या वहिनींचं बोलणं आलं. मम्मी, तू सारखं ते आनि-आनि नको म्हणूस.

मी खात्री करायचं ठरवलं. तेविसावा धडा परत लावला. आवाजाने विचारलं, मी म्हटलं, "आनि." लाल. पुन्हा विचारलं. "आनि." या वेळी लाल पडद्यावर नवीन ओळ आली: ‘तीन नकार नोंदवले आहेत. आपल्या समन्वयकांना कळविण्यात आले आहे.’

पाच मिनिटं झाली नसतील. मुलीचा फोन वाजला. दादरच्या मॅडम. रविवारी दुपारी. मी खुणेने सांगितलं, स्पीकर लाव.

"काय झालं, बाळा? आज तीनदा नाही म्हणालीस?"

"मॅडम, मी नाही, ते... आई बघत होती."

"आईच्या हातात नाही द्यायचं. तो क्रमांक तुझा आहे. ही नोंद तुझ्या नावावर राहते, तिकडे जाते. कळलं ना?"

"हो मॅडम."

"‘हो’ नाही. काय म्हणायचं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. "ने," ती म्हणाली.

"शाबास. आणि धडा करताना टीव्ही बंद ठेवायचा. आणि वडिलांना सांग, ‘ने’वरून विनोद करू नका. गॅलरी मोकळी होईल म्हणतात, बरं दिसत नाही ते. उद्या अकरा वाजता पासपोर्ट, हं." फोन बंद झाला.

माझ्या नवऱ्याला मॅडमनी कधी बघितलेलं नव्हतं.

मुलगी तशीच उभी होती, हातात एका शर्टाची बाही. मला वाटलं, आता तिला कळलं असेल. पण माणूस ज्याची अडीच वर्षं वाट बघतो ते पाच मिनिटांत सोडत नाही.

"धडा रेकॉर्ड होत असेल ना," ती म्हणाली. "उच्चार तपासायला. सगळेच करतात."

"आणि चाळीस धड्यांत नाही हा शब्द नाही, तो कशाला तपासायला?"

"त्यांनी सांगितलं ना, तिकडे तसं बोलत नाहीत!"

"तूच आत्ता म्हणालीस, जुन्यात पहिल्या दिवशी शिकवलं. मग तिकडची माणसं बोलतात की नाही बोलत?"

"तुला मी जायलाच नकोय." तिचा आवाज चढला. "पहिल्यापासून. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं ते विचारलं होतं तुला, जाऊ की नको ते नव्हतं विचारलं!"

तिचं बरोबर होतं. तेवढंच विचारलं होतं. मी म्हटलं, "बरं. सहाला माझ्याबरोबर समोर चल. तिचा फोन आला की ऐक. मग तू ठरव. मी मधे पडणार नाही."

वहिनींना सगळं सांगायला साडेपाच वाजले. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा ताठर होत होता.

"तुला तुझी पोरगी पाठवायची नसेल तर नको पाठवू," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीचं कशाला वाकडं काढतेस? छान आहे ती. दर रविवारी सांगते."

"कुठल्या शब्दांत सांगते?"

"कुठल्या म्हणजे? मराठीत."

"सगळं छान आहे, असं?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. एकतिसावा धडा: ‘घरी सांगा, सगळे छान आहे.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं आणि चष्मा काढला.

सहाला फोन वाजला. नुसता आवाज. मागे एखादं मोठं यंत्र चालावं तशी घरघर. वहिनींनी स्पीकर लावला, पण त्यांच्याने बोलवेना. मी पुढे झाले.

"काकी बोलतेय गो. मम्मी दूध बघायला गेलीय. कशी आहेस?"

"छान आहे, काकी. सगळं छान आहे."

मागून कोणीतरी पुरुष काही म्हणाला. ती लगेच म्हणाली, "ने." आमच्याशी नाही, त्याच्याशी.

घरघरीतून मला तिचा श्वास ऐकू येत होता. माझी मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी रोजच्या आवाजात बोलले, गॅलरीतून गॅलरीत बोलतो तसं.

"अगं, आमच्या हिच्याबरोबर मी पण शिकतेय तुझं कोरियन. एकच शब्द आला बघ मला. ‘ने’. आपल्याकडे पण आहे की तो. तू लहानपणी दारात आडवी उभी राहून म्हणायचीस मला. आठवतं?"

मी तशीच पुढे बोलले.

"मी उद्या बाजाराला निघतेय. सांग."

यंत्र तेवढं चालू होतं. मला वाटलं, लाइन तुटली. मग तिचा आवाज आला. अगदी सभ्य, धड्यात असतो तसा, वर-खाली न होणारा.

"ने, काकी." आणि मग, "ने. ने."

मागचा पुरुष काही बोलला नाही. त्याला त्यात वावगं काही ऐकू आलं नसणार. फोन बंद झाला. दहा मिनिटं झाली नव्हती, तीन झाली होती.

वहिनी भिंतीला हात टेकून खाली बसल्या. माझ्या मुलीने त्यांना पाणी दिलं. मग ती आमच्या खोलीत गेली, कपाटातून पासपोर्ट काढून आणला आणि माझ्या हातात दिला.

"तुझ्या ऑफिसच्या कपाटात ठेव," ती म्हणाली. "घरी नको." थोड्या वेळाने म्हणाली, "ते सॉफ्टवेअर काढून टाकू?"

"काढायचं नाही. फोन बंद करून डब्यात ठेव. त्यात सगळं आहे, ते लागेल. आणि मांजराची मुदत आज संपतेय ना? ती वाढव."

सोमवारी सकाळी साडेआठला मी वहिनींना घेऊन निघाले. ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते. दिवे लावले, पासपोर्ट लोखंडी कपाटात टाकून कुलूप लावलं, बंद फोन पाकिटात घालून वर तारीख लिहिली, वहिनींना समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि टाइप करायला घेतलं. त्यांची मुलगी कधी गेली, कोणामार्फत गेली, कंपनीचा पत्ता म्हणून काय दिलं होतं, शेवटचा चेहरा कधी बघितला. वहिनी सांगत होत्या. थांबल्या की मी तो शब्द वापरत नव्हते. नुसती मान हलवत होते.

साहेब साडेनऊला आले. उभ्याउभ्या दीड पान वाचलं. शेवटच्या परिच्छेदावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे ‘ने’. तुम्हीच वर लिहिलंय, कोरियनमध्ये याचा अर्थ हो. समोरचा म्हणेल, मुलगी हो म्हणाली."

"मी मराठीत विचारलं होतं, साहेब."

पर्समध्ये माझा फोन वाजत होता. संस्थेत मी माझा नंबर कधी दिलेला नव्हता. मी तो वाजू दिला. साहेबांनी बॅग टेबलावर ठेवली, पोलीस स्टेशनला फोन लावून आम्ही तिघं अकरापर्यंत येतो असं सांगितलं, मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"आणि?" ते म्हणाले.

मी पुढचं वाक्य टाइप केलं.